मुंबईचा क्षय, कसाऱ्याची वाट

इंग्लंडमध्ये सहा महिन्यांहून अधिक राहायला निघालेल्या भारतीयाला व्हिसाआधी छातीचा एक्स-रे काढावा लागतो. फुप्फुसात संशयास्पद डाग दिसला तर बेडका तपासतात, आणि निकाल हाती येईपर्यंत विमान लांबते. भारतीयांना हा नियम २०१२पासून लागला. त्यामागचे गणित सरळ आहे. इंग्लंडात जन्मलेल्यांमधला क्षय गेल्या शतकभरात ओसरत गेला आणि आता तिथे दरवर्षी सापडणाऱ्या रुग्णांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जण परदेशात जन्मलेले असतात. अमेरिकेतही बाहेर जन्मलेल्यांचा वाटा या शतकाच्या सुरुवातीला निम्म्यावर गेला आणि आज तो पाऊणाच्या घरात आहे. तिथल्या सरकारी तक्त्यांत म्हणून दोन रकाने असतात: इथे जन्मलेले आणि बाहेरून आलेले. दुसऱ्या रकान्याकडे बोट दाखवून निवडणुकाही लढवल्या जातात.

हेच दोन रकाने घेऊन कोणी ठाणे जिल्ह्यातल्या कसाऱ्याला आले, तर त्याची पंचाईत होईल. मुंबईच्या लोकलचे हे शेवटचे स्टेशन. इथून सुटणारी गाडी अडीच तासांच्या आसपास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते, आणि तिच्यात चढणाऱ्याला छाती दाखवावी लागत नाही. समजा दाखवावी लागली असती, तरी तपासणीचे टेबल कोणत्या टोकाला मांडायचे? कसाऱ्याला, की मुंबईला? या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांत दोनदा तरी बदलले आहे.

कसाऱ्याला रूळ पोचले १ जानेवारी १८६१ रोजी. वासिंदपर्यंत गाडी १८५५पासूनच येत होती. पुढे आसनगाव झाले, मग कसारा, आणि तिथे सह्याद्री आडवा आला. थळ घाट फोडून इगतपुरी गाठायला १ जानेवारी १८६५ उजाडला. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ आहे, आणि नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांना आजही कसाऱ्यात जादा इंजिने जोडतात. घाटाच्या कामावर लांबलांबून हजारो मजूर आले, बायकापोरांसह तळ ठोकून राहिले, आणि पटकीच्या साथीत त्यांतली कितीतरी माणसे गेली. पटकी निदान दिसणारा रोग होता. सकाळी उलट्या, संध्याकाळी चिता. तळावर कोण घेऊन आले, कोणत्या पाण्यातून पसरले, याचा काही माग तरी लागे.

क्षयाचा असा माग लागत नाही. जंतू श्वासावाटे आत जातो आणि बहुतेकांच्या अंगात निपचित पडून राहतो. लागण झालेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. तो कधी उठेल, हे माणूस काय खातो, किती राबतो, त्याला आणखी कोणता आजार आहे, यावर ठरते. चाळीत घेतलेला श्वास दहा वर्षांनी गावच्या पडवीत खोकल्याच्या रूपाने उगवू शकतो. व्हिसाआधीचा एक्स-रेसुद्धा म्हणूनच अर्धवट कामाचा. उठलेला आजार त्यात दिसतो, झोपलेला नाही.

रॉबर्ट कॉखने हा जंतू जगापुढे मांडला २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये. त्याच वर्षी मुंबई सरकारच्या गॅझेटियर मालिकेतला ठाणे जिल्ह्याचा खंड निघाला. त्यात शहापूर-मुरबाडकडचे महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी सगळे भेटतात. खैराच्या लाकडाचा कात काढणारे कातकरी जंगलखात्याच्या नव्या कायद्यांनी धंद्यावरून उठले होते आणि लाकूडतोड, कोळसाभट्टी, मिळेल ती मजुरी यांकडे वळत होते. जंगलात राहणारा हा समाज मजुरीसाठी सतत हलता झाला तो या काळात. गवताच्या गंजी आणि लाकूडफाटा रेल्वेने मुंबईकडे जाऊ लागला. तिथल्या घोड्यांना, तबेल्यांतल्या म्हशींना आणि चुलींना ठाणे जिल्ह्याचे रान लागत होते. १८९२मध्ये तानसाचे पाणीही मुंबईला पोचले. पुढे भातसा धरण झाले, आणि आज मुंबई पिते त्या पाण्यातले निम्म्याहून अधिक शहापूर तालुक्यातून जाते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे इथे सांगायचे कारण नाही. पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

मुंबईकडून उलट काय येत होते?

१८९६मध्ये प्लेग आला तेव्हा सरकारला या प्रश्नाचे उत्तर हवे होते. घाबरलेली मुंबई लाखांनी गाव सोडून पळाली, आणि कल्याण जंक्शनवर उतारूंची तपासणी बसली. काखेत, जांघेत गाठ चाचपायची, ताप पाहायचा, संशयिताला उतरवून घ्यायचे. १८९७च्या साथरोग कायद्याने त्याला बळ दिले. कसाऱ्याकडे येणारा माणूस त्या एका काळात दारातून गाळून येत होता. क्षयासाठी असे दार कोणी उभारले नाही. उभारले असते तरी उपयोग नव्हता, कारण क्षयाचा रोगी गाडीत इतरांसारखाच बसतो, फक्त थोडा वाळलेला असतो.

तो कुठे वाळत होता, हे गिरणगावात कोणालाही दिसले असते. १९२१च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्यांपैकी मुंबईतच जन्मलेले होते फक्त सोळा टक्के. बाकीचे चौऱ्यांशी टक्के बाहेरून आलेले. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर, आणि पार उत्तरेकडूनही. दोन-तृतीयांश वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. एकट्याने आलेले गडी तर एका गाळ्यात पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. पोट खानावळीत, अंग कापसाच्या धुळीत. इथे 'इथले' आणि 'बाहेरचे' असे रकाने पाडले असते तर सगळे शहरच दुसऱ्या रकान्यात गेले असते.

आणि तरीही मुंबईच्या मृत्यूंच्या वह्यांत क्षय व्हायला हवा होता तेवढा दिसत नव्हता. त्याचा उलगडा आर्थर लँकेस्टरने केला. पेशावरला मिशनरी डॉक्टर म्हणून काम केलेल्या या माणसाने पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानभर हिंडून क्षयाची पाहणी केली आणि १९२०मध्ये तिचे पुस्तक केले. त्याचे म्हणणे असे, की गेल्या काही दशकांत क्षय शहरांतून खेड्यांत उतरतो आहे, आणि त्याची वाट आहे रेल्वे, व्यापार, गिरण्या. शहरात कमवायला गेलेला माणूस खंगला की मरायला गावी परततो. त्यामुळे शहराच्या वहीत एक मृत्यू कमी होतो आणि गावात, ज्या घरी तो शेवटचे महिने खोकत पडतो, तिथे रोगाची नवी सुरुवात होते. गावच्या नोंदीत त्याचे नाव चढते पाटलाच्या हातून, आणि पाटील बहुधा लिहितो 'ताप'.

दूरच्या जगातही हीच गोष्ट घडत होती. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत बासुटोलँड, ट्रान्सकाय अशा भागांतून काळे मजूर ठरावीक मुदतीच्या कराराने आणले जात. खाणीत फुप्फुसे धुळीने आणि क्षयाने भरली की त्यांना गावी धाडत. खाणमालकांच्या हिशेबात तो माणूस बरा-वाईट काहीच नसे. करार संपलेला असे. रँडल पॅकार्ड या इतिहासकाराने १९८९मधल्या पुस्तकात ही साखळी तपशिलाने मांडली. मुंबईच्या गिरणीमालकांना कोणी अजून तसा पॅकार्ड लाभलेला नाही.

पैसेवाल्या रोग्यांची वाट मात्र उलट दिशेने जात होती. त्यांना मुंबईची हवा सोडून कोरड्या, थंड हवेत जायचे असे. १९१२मध्ये डॉक्टर बिलिमोरियांनी पाचगणीला बेल-एअर सॅनेटोरियम काढले; मिरजेला वानलेसवाडी उभी राहिली. नाशिक-देवळालीची हवा छातीला चांगली, म्हणून मुंबईकर कसाऱ्यावरून घाट चढत. एकाच लोहमार्गावर वर जाणारा रोगी हवापालटाला निघालेला असे आणि घाटाखालच्या स्टेशनावर उतरणारा रोगी घरी मरायला. मधल्या काळात मुंबईतही क्षयरोग्यांसाठी सोयी होऊ लागल्या, शिवडीला मोठे इस्पितळ झाले. पण खाटा कितीही वाढल्या तरी रोगी त्यांहून जास्तच, आणि हवा व दूध यापलीकडे फारसा इलाज नव्हता.

मग एका पाहणीने लँकेस्टरच्या चित्राला धक्का दिला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात देशभर छातीचे फोटो काढत क्षयाची नमुना पाहणी केली. अपेक्षा अशी, की शहरांत रोग भरपूर आणि खेड्यांत तुरळक निघेल. निघाले ते भलतेच. शहर, कसबा आणि खेडे यांतल्या प्रमाणात मोठा फरक नव्हता. हजारी तेरा ते पंचवीस जणांच्या फुप्फुसात सक्रिय क्षयाच्या खुणा दिसल्या, गावातही आणि शहरातही. परतणाऱ्या गिरणीकामगारांनी आपले काम तोवर पुरे केले होते, असे म्हणावे. किंवा खेड्यात रोग आधीपासूनच होता आणि कोणी पाहिलेच नव्हते, असेही म्हणता येते. दोन्हींतले बहुधा थोडेथोडे खरे आहे. एवढे नक्की, की 'क्षय शहराचा, गाव निरोगी' ही समजूत १९५८नंतर टिकण्याजोगी राहिली नाही.

त्याच सुमारास मद्रासमध्ये दुसरा धक्का बसला. स्ट्रेप्टोमायसिन, आयसोनियाझिड ही औषधे हाती आली होती. १९५६पासून तिथल्या क्षय केंद्राने झोपडवस्तीतल्या निम्म्या रोग्यांना सॅनेटोरियममध्ये आणि निम्म्यांना घरीच ठेवून सारखीच औषधे दिली. घरचे रोगी जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरातल्या माणसांना रोग जास्त लागला असेही झाले नाही. खाट, हवा, दूध यांच्यापेक्षा गोळ्या नेमाने पोटात जाणे महत्त्वाचे ठरले. १९६२च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पाया हाच. सॅनेटोरियमचा जमाना पाचगणीच्या पाट्यांपुरता उरला.

पण गोळ्या नेमाने जायच्या तर आधी रोगी कळायला हवा. बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्षय संस्थेत देबाबर बॅनर्जी आणि अँडरसन यांनी १९६३मध्ये एक साधा शोध प्रसिद्ध केला. तुमकूरच्या खेड्यांतल्या क्षयरोग्यांपैकी निम्म्याहून अधिक जण स्वतःहून डॉक्टरकडे जाऊन आले होते; आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. अडाणीपणाने रोग अंगावर काढतात, हे तोवरचे वैद्यकीय मत होते. अंगावर काढणारे वेगळेच निघाले.

आता कसाऱ्याच्या आजूबाजूचे कातकरी पाडे. गिरणीवर जाण्याची वाट इथल्या आदिवासींनी फारशी धरली नाही. त्यांचे स्थलांतर ऋतूंवर चालते. पावसाळ्यात लावणी आणि मिळेल ती मजुरी. घरातले धान्य संपले की भट्टीवाल्या शेठकडून उचल. दिवाळी झाली की कुटुंब उचलीच्या मोबदल्यात वीटभट्टीवर, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, पनवेल, वसई अशा पट्ट्यांत. नवराबायको मिळून एक जोडी, माती कालवायची, विटा पाडायच्या, हजारावर हिशेब. राहायला कच्च्या विटांची बुटकी खोपटी, वर प्लास्टिक. शिमग्याला दोन दिवस घरी, आणि पहिल्या पावसाआधी परत. मुंबई-ठाण्याच्या बिल्डिंगा विटांनी बांधल्या गेल्या तेव्हा भट्टीची ही वाट रुंदावत गेली. १९८२च्या सुमारास वसई भागात श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या सुटकेची लढाई सुरू केली, तिलाही या उचलीच्या हिशेबांनी पुढे खूप काम पुरवले.

तर हा कातकरी कोणत्या रकान्यात घालायचा? आश्विनात तो इथला, याच जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, सरकारी व्याख्येने विशेष असुरक्षित आदिवासी गटातला. महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया यांच्यासोबत तिसरा. मार्गशीर्षात तोच माणूस भिवंडीला बाहेरून आलेला मजूर. एका वर्षात दोनदा रकाना बदलणाऱ्याला तक्ता सामावून घेत नाही.

यात एक विचित्र जुळणी आहे. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. भट्टीचा हंगामही सहा-सात महिन्यांचाच. लघवी नारिंगी करणाऱ्या त्या गोळ्या सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की ताप जातो, भूक लागते, वजन वाढते. माणसाला वाटते, झाले. दिवाळीच्या आधी सुरू झालेला उपचार म्हणजे नेमका बरे वाटू लागण्याच्या सुमारास भट्टीवरचे बोलावणे. उचल घेतलेली असते. 'माझा कोर्स चालू आहे' हे कारण शेठला चालत नाही. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा कसाऱ्याच्या आरोग्य केंद्रातून गोळ्या नेणारा हा माणूस महिन्याभरात दुसऱ्याच महापालिकेच्या हद्दीत झोपलेला असतो. २०१२पासून 'निक्षय' नावाची संगणकीय नोंद आहे, त्यात रोग्याला एका केंद्राकडून दुसऱ्याकडे वर्ग करता येते. पण वर्ग करायला तो कोणत्या भट्टीवर गेला हे माहीत हवे, आणि पुष्कळदा तेच मुकादमाने ऐनवेळी ठरवलेले असते.

अर्धवट सोडलेला उपचार काय करतो, हे मुंबईने साऱ्या जगाला दाखवले. हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टर झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर २०११मध्ये तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले, आणि जानेवारीत दिल्लीपासून जिनिव्हापर्यंत खळबळ उडाली. असा जंतू रोग्याच्या चुकीने घडतो, तसाच डॉक्टरच्या चुकीच्या चिठ्ठीने आणि औषध न मिळाल्यानेही घडतो. नव्याने लागण झालेल्याला तो थेट हट्टी रूपातच मिळतो, त्याने एकही गोळी चुकवलेली नसली तरी. कसारा लोकलच्या डब्यात पहाटे दाटीने बसलेल्या मजुरांना, करवंदे-जांभळांच्या पाट्या घेऊन कल्याण-ठाण्याला निघालेल्या बायांना यातला कोणता जंतू शेजारी बसला आहे, याची कल्पना असण्याचे कारण नाही.

आदिवासींमध्ये क्षय किती, याचे देशपातळीवरचे मोजमाप गडचिरोलीच्या डॉक्टर अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८मध्ये मांडले. आदिवासींमध्ये लाखी ७०३ जणांना फुप्फुसाचा क्षय. देशाचा आकडा २५६. लोकसंख्येत आदिवासी ८.६ टक्के, तर नोंदवलेल्या क्षयरुग्णांत १०.४ टक्के. या दुसऱ्या तुलनेतली तफावत पाहावी. रोग पावणेतीन पट आणि नोंद जेमतेम सव्वापट, म्हणजे फार मोठा भाग वहीत येतच नाही. लँकेस्टरच्या पाटलाने 'ताप' लिहिलेल्या मृत्यूंचीच ही पुढची पिढी.

मोजणीच्या हद्दीही सारख्या हलत राहिल्या. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे आदिवासी तालुके ठाण्याच्या तक्त्यातून गेले. उरलेल्या ग्रामीण ठाण्यात शहापूर-मुरबाड एका बाजूला आणि महापालिकांना चिकटलेली भिवंडी-कल्याणची गावे दुसऱ्या बाजूला. पाड्यावरचा रोगी शहरात सापडला तर नोंद शहराची. भट्टीवर खंगून पाड्यावर परतला तर नोंद तालुक्याची, किंवा कोणाचीच नाही. शंभर वर्षांपूर्वी गिरणगाव आणि कोकण यांच्यात जो हिशेब चुकत होता, तो आता चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत चुकतो.

लागण झालेल्यांपैकी नेमका कोण आजारी पडतो, यात जेवणाचा वाटा किती, हे झारखंडमधल्या एका प्रयोगाने २०२३मध्ये आकड्यांत दाखवले. डॉक्टर अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या गटाने चार जिल्ह्यांतल्या २८०० क्षयरोग्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास केला. काही कुटुंबांना दरमहा धान्य, डाळ यांचा जादा शिधा दिला. त्या घरांत नवा क्षय चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाला. सरकारही एप्रिल २०१८पासून उपचाराच्या काळात रोग्याच्या खात्यात महिन्याला पाचशे रुपये भरते, नोव्हेंबर २०२४पासून हजार. त्यासाठी बँक खाते लागते, आणि पैसे मिळतात ते रोग्याला. एकाच ताटात जेवणाऱ्या पाच जणांना नाही.

७ डिसेंबर २०२४ रोजी देशातल्या ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची क्षय शोधमोहीम सुरू झाली. हातात धरायचे एक्स-रे यंत्र घेऊन वस्त्यांत जायचे, खोकला नसलेल्यांचीही छाती पाहायची. कल्पना उत्तम आहे. तिचा शेवट ठरला २४ मार्चला, कॉखच्या दिवशी. डिसेंबर ते मार्च या दिवसांत कातकरी पाड्यावर गेलेल्याला भेटतात म्हातारी माणसे आणि बंद खोपट्या. ज्यांची छाती पाहायची ते भट्टीवर असतात. पाड्यावर गाठायचे तर भाद्रपद-आश्विनात जायला हवे, उचल देऊन मुकादम हंगामाची जोडपी ठरवत असतो तेव्हा. नाहीतर यंत्र घेऊन भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवरच जावे, तेही बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी आठवड्याची खर्ची वाटतात, काम थांबलेले असते, आणि सगळी जोडपी शेठच्या ऑफिसपुढे रांगेत उभी असतात.